पांढऱ्या साडीवालीची अंगठी

वणीसारख्या कोळशाच्या गावात पांढऱ्या साड्यांचं दुकान टाकणारी बाई एक तर वेडी असते, नाहीतर हट्टी. मी दोन्ही आहे, असं आमचे हे म्हणतात. हे म्हणजे माझे मिस्टर, अश्वजित. कोळसा खाणीत डंपर चालवायचे, आता रिटायर होऊन दुकानात माझ्या शेजारी बसतात.

दुकानात पांढऱ्याशिवाय दुसरा रंग नाही. आमच्या बौद्ध समाजात लग्नात नवरी पांढरी साडी नेसते, नवरदेवही पांढऱ्यातच असतो, त्यामुळे वणीपासून पांढरकवड्यापर्यंतच्या पोरी माझ्याकडे येतात. बाहेर ट्रक जातात, काळी धूळ उडते, आणि मी काचेच्या दाराआड फडकं घेऊन उभी. लोकांना वाटतं पांढरा म्हणजे पांढरा. कुठचं काय! निळसर पांढरा असतो, दुधाळ असतो, मोतिया असतो, सायीचा असतो. निळसर साडीवर मोतिया ब्लाउज चढवला की नवरी धुवायची राहिल्यासारखी दिसते. हे मी नवरीच्या मामाला तोंडावर सांगते. माझ्या तोंडाला लगाम नाही हे सगळ्या वणीला ठाऊक आहे. तरी गिऱ्हाईक येतं, कारण पांढऱ्याच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही.

हे रिटायर झाल्यावर ह्यांना दुकानात बसवलं ती माझीच हौस. पण गेल्या वर्षभरात ह्यांनी माझ्या डोक्याला नुसता ताप केला होता. साड्यांच्या घड्या लावायला सांगाव्या, तर निळसरच्या गठ्ठ्यात मोतिया आणि मोतियात सायीची. मी ऐटीत गिऱ्हाइकासमोर घडी उघडावी आणि आतून भलतीच निघावी.

"अहो, लक्ष कुठं असते तुमचं?" मी ओरडायची. "आंधळा बसवला असता तर त्यानं याच्यापेक्षा बरं लावलं असतं!"

"सगळ्या सारख्याच तर हायेत," हे म्हणायचे.

"या सारख्या? ही आणि ही सारखी?"

मग हे दोन्ही साड्या हातात घेऊन बराच वेळ बघायचे, हसायचे आणि उठून दारावरची धूळ पुसायला लागायचे. डंपर चालवून माणूस एक तर तापट होतो, नाहीतर गार. हे गार झाले. आमच्या घरातला ताप सगळा माझ्याकडे आला.

तर ह्या माणसाच्या डोक्यात या वर्षी एकाएकी अंगठी शिरली. झालं असं, ह्यांच्या पुतण्याचं, संघर्षचं साक्षगंध होतं पांढरकवड्याला, म्हणजे तुमच्याकडचा साखरपुडा. पोरानं पोरीच्या बोटात हिऱ्याची अंगठी घातली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल वर झाले. मी पोरीच्या साडीकडे बघत होते, दुधाळ, चांगली निवडलेली, माझ्याच दुकानची. हे मात्र त्या अंगठीकडे बघत होते. परतताना एस.टी. मारेगावच्या स्टँडवर थांबली तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपलं साक्षगंध झालंच नव्हतं."

ते खरं होतं. ह्यांना खाणीत लागलीच हजर व्हायचं होतं, म्हणून बोलणी आणि लग्न एकाच दमात उरकलं. साडीसुद्धा हेच एकटे वणीच्या बाजारात जाऊन घेऊन आले होते, निळ्या बारीक काठाची. अंगठीबिंगठी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती.

"मंग आता म्हातारपणी करता काय साक्षगंध?" मी म्हटलं.

"करतो," हे म्हणाले. "हिऱ्याची घेतो. अन् मी निवडतो. तू मधात बोलाचं नाही."

मधात बोलायचं नाही! मला! एस.टी.तल्या दोन बायांनी मागं वळून बघितलं, इतकी मी हसले.

पण ह्यांचं ठरलं होतं. आमच्या लेकीची, मैत्रेयीची कॉलेजातली मैत्रीण, गौरी, यवतमाळला सासऱ्यांच्या सराफी दुकानात बसते. हिऱ्यांचं रीतसर शिकून आलेली आहे. सव्वीस जानेवारीनंतरच्या आठवड्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि नखं कापली होती. बोटात अंगठी माझ्या जायची होती, नखं ह्यांनी कापली.

गौरीनं चहा सांगितला आणि आम्हाला काउंटरवरून उठवून खिडकीजवळच्या टेबलाशी नेलं. "दुकानातल्या लाइटखाली बघू नका काका," ती म्हणाली. "ते लाइट लावलेलेच असे असतात की काचेचा तुकडाही हिरा वाटावा. इथं उजेडात बसा."

मला ती पोरगी तिथंच आवडली. मीही माझ्या गिऱ्हाइकाला साडी घेऊन दाराशी उभं करते.

तिनं एक पांढराशुभ्र जाड कागद मधे दुमडला, त्याच्या घडीत तीन सुटे हिरे ठेवले, तेही पालथे, टोक वर करून. हे म्हणाले, "उलटे काहून ठेवले?"

"सुलटा ठेवला की नुसती चमक दिसते, चमकेत रंग लपतो. म्हणून पालथा ठेवायचा आणि बाजूनं बघायचा. अजिबात रंग नसलेला सगळ्यात वरचा. खाली खाली याल तसा पिवळेपणा येत जातो. इंग्रजी अक्षरांनी पायऱ्या सांगतात. वरची पायरी डी."

"डी? मंग ए, बी, सी कुठी गेले?"

गौरी हसली. "आधीच्या व्यापाऱ्यांनी ए-बी-सी वाटेल त्या मालाला लावून पार चोथा केला होता. म्हणून नव्यांनी डी पासून सुरुवात केली."

"असं होय," हे म्हणाले. ह्यांना ते फार पटलं.

मी तोवर बघून घेतलं होतं. पहिला हिरा पाण्यासारखा. दुसरा जवळपास तसाच, किंचित ऊब असलेला. तिसरा सायीचा. सरळसरळ सायीचा. त्या शुभ्र कागदावर त्याचा पिवळेपणा मला हात दोन हात लांबूनही दिसत होता. तिसरा थोडा मोठा होता आणि त्याचे पैलू छान पडले होते, एवढं मात्र खरं.

"हा खेळ मी सगळ्यांशी खेळते," गौरी म्हणाली. "सांगा काका, सगळ्यात पांढरा कोणता?"

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग वाकले. डंपर कड्याशी रिव्हर्स घेताना माणूस जसा श्वास धरतो तसा श्वास धरून एकेका हिऱ्याकडे बघितलं. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मला चहा थंड होईस्तोवर थांबवलं. मग तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"हा," हे म्हणाले. "काय पांढरा हाये! दुधासारखा. बाकीचे बी चांगले हायेत, पण याच्यात जीव हाये. दीपे, तुह्या दुकानातही असा पांढरा नसन."

'आंधळे झाले काय?' हे शब्द माझ्या जिभेवर आलेच होते. आणि तिथंच मी ते गिळले.

कारण ह्यांचं लक्ष कुठंही नव्हतं असं मी आज म्हणू शकत नव्हते. इतकं लक्ष देऊन ह्या माणसानं आयुष्यात काही बघितलं नसेल. आणि तरी तो सायीचा हिरा ह्यांना दुधासारखा दिसत होता. म्हणजे साड्याही. वर्षभर. निळसर, मोतिया, दुधाळ, सगळ्या ह्यांना खरोखरच सारख्या दिसत होत्या. दुकानातली ट्यूबलाइट मंद झाली म्हणून ह्यांनी तीनदा बदलून घेतली होती आणि मी म्हटलं होतं, रिकामपणचे उद्योग. मी गिऱ्हाइकांसमोर ओरडत होते, आणि ह्यांना दिसतच नव्हतं.

गौरीनं तोंड उघडलं. मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला.

"हाच," मी म्हटलं. "हाच घेऊ."

हे इतके खूश झाले की मला बघवेना.

गौरी बोटाचं माप घ्यायचं म्हणून मला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि दार लोटून म्हणाली, "काकू, तो खूप खालच्या पायरीचा आहे. वाईट नाही, पण पिवळसर आहे. न सांगता मी माल विकत नाही. मला काकांना सांगावंच लागेल."

"घालणार कोण?"

"तुम्ही."

"मंग मले सांगतलं ना तू? झालं तुह्यं काम."

"पण काकू, तुम्ही! मैत्रेयी सांगायची, आई पांढऱ्यावरून पाव्हण्यांशीसुद्धा भांडते."

"त्यांच्या डोळ्यात काहीतरी झालं हाये, गौरी," मी म्हटलं. "मी डॉक्टरकडे नेतो त्यांले. पण आज नाही सांगाचं. आज त्यांनी निवडली."

गौरीनं मापाची कडी माझ्या बोटात सरकवली आणि जरा वेळानं म्हणाली, "कधीही या, बदलून देईन. आणि पिवळ्या सोन्यातच घडवा. सोन्याशेजारी त्याचा पिवळेपणा दबतो. पांढऱ्या धातूत तो ओरडेल."

बाहेर आलो तर ह्यांचं आधीच ठरलेलं. "पांढऱ्या सोन्यात करू. तू पांढऱ्याची बाई."

झाली का पंचाईत! आता हे कसं निस्तरावं? मी म्हटलं, "पांढरं सोनं लोकायले चांदी वाटते. एवढी हिऱ्याची अंगठी करता आणि चांदीत करता? मले पिवळंच पाह्यजे."

ह्यांचा चेहरा पडला. "बरं," हे म्हणाले. "घालाची तुले हाये." त्यांना वाटलं, ह्या बाईनं एवढ्यातही मधे बोलून घेतलंच. मी ते ऐकून घेतलं. माझ्या स्वभावावर जाऊ दे, ह्यांच्या डोळ्यांवर नको.

अंगठी तयार झाली तेव्हा ह्यांनी ती गौरीच्या दुकानातच माझ्या बोटात घातली. दुकानातल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या, गौरीनं पेढे वाटले. पन्नाशी उलटून गेल्यावर माझं साक्षगंध झालं बापा. मी लाजले. खोटं कशाला सांगू, चांगलीच लाजले. वणीला येईपर्यंत हे माझा हात उचलून उचलून बघत होते. "काय पांढरा हाये," म्हणत होते.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला मला महिनाभर भांडावं लागलं. शेवटी मी म्हटलं, मलाच चष्मा लागलाय, सोबत चला, आणि तिथं गेल्यावर ह्यांनाच खुर्चीत बसवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूहळू पिकला, म्हणून कळलं नाही. पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं दिसत असणार. आधी उजवा करू, मग महिन्याभरानं डावा.

"पिवळ्या काचेतून?" हे म्हणाले. "मले तर सगळं नीट दिसते."

ह्यांच्या मांडीवर माझा हात होता, तो मी हळूच पदराखाली घेतला.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी एकटीच यवतमाळला गेले. घरी सांगितलं, माल बघायला जाते. गौरीनं माझ्याकडे बघूनच ओळखलं. तिनं तोच पहिला, पाण्यासारखा हिरा काढून माझ्यासमोर ठेवला. "याच कोंदणात बसवून देते काकू. आकार थोडा लहान आहे, पण काकांना कळणारसुद्धा नाही. डोळा उघडल्यावर अंगठी पांढरीच दिसेल."

मी अंगठी काढून तिच्या हातात दिली. मी खोटं सांगत नाही, दिली. तिनं ती आत कारागिराकडे न्यायला उचलली. मी तिथं बसून त्या पाण्यासारख्या हिऱ्याकडे बघत राहिले. चांगला होता. माझ्या डोळ्यांना हवा तसा होता. पण याच्यासाठी ह्यांनी चष्मा पुसला नव्हता. याच्यासाठी श्वास धरला नव्हता. हा कोणाचा होता? गौरीचा होता, दुकानाचा होता.

"आण ती इकडे," मी म्हटलं. "माही हाये तीच दे."

"काकू, मग त्यांना दिसेल."

"दिसू दे," मी म्हटलं खरं, पण परतताना एस.टी.त सारखी ती अंगठी बोटात फिरवत होते.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्याची पट्टी काढली आणि हे पलंगावर उठून बसले. "अवं, भिंतीले निळा रंग कवा देल्ला यायनं?" हे म्हणाले. भिंत साधी पांढरी होती. मग नर्सच्या कपड्यांकडे बघितलं, चादरीकडे, खिडकीबाहेरच्या उन्हाकडे. लहान पोरासारखं हे पण निळं, ते पण निळं. मग माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले, "अवं दीपे! तुले एवढ्या सुरकुत्या कवा पडल्या?"

"तुमच्या डंपरखाली आली होती ना, तवा!" मी म्हटलं. सगळा वॉर्ड हसला. मीही हसले, पण डावा हात पिशवीत होता, तो बाहेर काढला नाही.

घरी आल्यावर मी अंगठी काढून ठेवली. कधी कणकेचा बहाणा, कधी भांड्यांचा. हेही विचारत नव्हते. डोळ्यात थेंब टाकायचे, काळा चष्मा लावून अंगणात बसायचे, लिंबाची पानं मोजल्यासारखी बघायचे. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली तेव्हा दुकानात आले.

आल्या आल्या कपाटासमोर उभे राहिले. काळा चष्मा काढला. एक गठ्ठा खाली घेतला, दुसरा घेतला, आणि न बोलता साड्या वेगळ्या करायला लागले. निळसर इकडे, मोतिया तिकडे, सायीची त्याच्या पलीकडे. एकही चुकली नाही. मी काउंटरवर बसून बघत होते. गठ्ठे लावून झाल्यावर हे स्टुलावर बसले.

"हे सगळं मी मिसळवलं होतं?"

"हो."

"तू रोज बोंबलत होती ते खरंच होतं म्हणजे."

"बोंबलाले नव्हतं पाह्यजे," मी म्हटलं. "मले समजाले पाह्यजे होतं. चुकलं माह्यं."

ह्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. म्हणाले, "अंगठी कुठी हाये?"

गल्ल्यात होती. मी काढून बोटात घातली आणि हात काउंटरवर ठेवला. खाली निळसर पांढरी साडी पसरलेली होती, तिच्यावरच. ह्यांनी वाकून बघितलं. डाव्या डोळ्यावर तळहात ठेवून बघितलं, मग उजव्यावर ठेवून बघितलं. पुन्हा डाव्यावर.

"पिवळा हाये," हे म्हणाले.

"हो."

"तुले तवाच दिसला होता?"

"हो."

"अन् तू बोल्ली नाही? तू?"

"नाही बोल्ली."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी मला बोलता येतं. हे नुसते बसून राहिले. बाहेर एक ट्रक गेला, काच थरथरली. मग म्हणाले, "मले वाटे, जिंदगीत एक चीज मी निवडली अन् तुले आवडली. तू दिवसभर लोकायले खरं सांगतं, अन् मले लेकरावानी फुसलावलं."

"आवडली मले," मी म्हटलं. "आताही आवडते. मी खोटं नाही बोलून राह्यली."

"राहू दे," हे म्हणाले आणि काळा चष्मा लावला.

त्या दिवसापासून ह्यांनी हट्ट धरला. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं नाही. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, ह्यांनी 'पाहू' म्हणून ठेवून दिला. पुण्याहून मैत्रेयीनं फोन करून समजावलं, तिलाही 'पाहू'. मी विचारलं तर म्हणाले, "एका डोळ्यानं सगळं दिसते. दुसऱ्यानं अंगठी पांढरी दिसते. एक डोळा राहू दे तसाच."

आता याला काय म्हणावं? मी चिडले, आदळआपट केली, दोन दिवस अबोला धरला. हे शांत. भांडण नाही, राग नाही, जेवण वेळेवर, औषध वेळेवर. फक्त माझ्या हाताकडे बघायचं झालं की उजवा डोळा मिटून डाव्यानं बघायचे. 'बदलून आणू काय?' असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "आता काय बदलतं? जे झालं ते झालं." त्यांना लागलं होतं ते हिऱ्याचं नव्हतं. त्यांनी मन लावून दिलेलं मी दयेनं घेतलं, असं त्यांना वाटत होतं. आणि तसं नव्हतं हे सांगायला माझ्याकडे, एवढ्या तोंडाळ बाईकडे, शब्द नव्हते.

अशात बुद्धपौर्णिमा आली. त्या दिवशी विहारात सगळे पांढऱ्यात जातात. पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात दुकानात उभं राहायला जागा नसते, गठ्ठेच्या गठ्ठे रिकामे होतात. दर वर्षी मी माझ्यासाठी एक बाजूला काढते, या वर्षी डोकं ठिकाणावर नव्हतं, तीही विकली गेली. सकाळी आंघोळ करून बघते तर पांढरी साडी म्हणून घरात एकच. ट्रंकेत, खालच्या तळाशी. माझ्या लग्नाची.

ती मी लग्नानंतर नेसले नव्हते. दुकानवाल्या बाईला ती नेसायची लाज वाटायची, कारण पडून पडून ती पार सायीच्याही पलीकडे गेली होती. पण उशीर झाला होता. मी म्हटलं, जाऊ दे, आज वणीला काय बोलायचं ते बोलू दे. नेसले, अंगठी घातली आणि बाहेर आले.

हे पांढरा सदरा घालून ओसरीत चपला शोधत होते. मान वर करून बघितलं आणि तसेच राहिले.

"ही कोणती साडी?"

"ओळखली नाही काय? तुम्हीच तर आणली होती."

हे जवळ आले. पदर हातात घेतला, निळा काठ अंगठ्यानं चाचपला. "ही? एवढी पिवळी झाली? अवं, दुधासारखी होती वं ही. मी चार दुकानं फिरलो होतो. उन्हात नेऊन नेऊन पाह्यली होती."

"तवा तर डोळे चांगले होते ना तुमचे?"

"चांगलेच होते."

"मंग जिंदगीत एक चीज निवडली, असं कसं म्हणता?" मी म्हटलं. "ही पहिली. हिच्यापासून मी पांढरं पाहाले शिकली. हिच्यावरून माह्यं दुकान उभं राह्यलं. अंगठी दुसरी."

पदर हातात होता आणि त्या पदरावरच माझा हात होता. ह्यांची नजर बोटावर गेली. मी बघत होते, आता हे उजवा डोळा मिटणार. त्यांनी हात वर नेला, आणि झाकला तो डावा. नव्या डोळ्यानं बघायला लागले. वाकून, श्वास धरून, गौरीच्या खिडकीशी बघितलं होतं तसं.

"दीपे," हे म्हणाले, "हा तर पांढरा दिसून राह्यला."

"दिसन ना."

"बदलून आणला तू?"

"नाही बापा. तोच हाये. गौरीनं त्याले कोऱ्या कागदावर ठेवला होता, मी निळसर साडीवर ठेवला. त्यायच्या शेजारी कोणीही पिवळंच दिसन. माह्या शेजारी पाह्यला नव्हता तुम्ही."

ह्यांनी साडीचा पदर अंगठीभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. पिवळ्या पडलेल्या सुतावर तो दाणा स्वच्छ दिसत होता. नंतर डाव्या डोळ्यावरचा हात काढून दोन्ही डोळ्यांनी बघितलं, आणि ह्यांचे दोन्ही डोळे भरले. ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नसतं म्हणून मी घाईघाईनं रुमाल शोधायला लागले.

"दया म्हणून नाही घेतली मी," मी म्हटलं. आता मलाही रडू आवरत नव्हतं. "एवढं मन लावून माह्यासाठी कोणी काही पाह्यलं नव्हतं. म्हणून घेतली."

विहारातून वंदनेचा आवाज यायला लागला होता, आम्हाला उशीर झाला होता. ह्यांनी चपला पायात सरकवल्या आणि दार ओढून घेता घेता म्हणाले, "आल्यावर त्या डॉक्टरीणबाईले फोन लावजो. डाव्याची तारीख घे."

"आज काहून सुचलं?"

"अन् त्या दिवशी हीच साडी नेसून येजो," हे म्हणाले. "पट्टी काढली का त्या डोळ्याले पयले हेच दिसलं पाह्यजे."